विसावा वासा: शिवाजी पेठेतल्या एका छपराचं अंदाजपत्रक

फेब्रुवारी २०२५. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या निवृत्ती चौकापासून आत दोन गल्ल्या सोडून माझ्या चुलत आत्तीचं घर आहे. भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या, दीड फुटी भिंती, मधे सागवानी खांब, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौलांचं दोन पाख्यांचं, म्हणजे दोन बाजूंना उतरणारं छप्पर. आत्तीच्या सासऱ्यांनी बांधलेलं. आधीच्या पावसाळ्यात माळ्यावर सात ठिकाणी भांडी मांडून झाली होती. पुण्याला असलेल्या मुलानं फोनवर एवढंच विचारलं होतं, "छप्पर बदलायला एकूण किती लागतील?" आत्तीनं तीन जणांकडून भाव काढले आणि तिन्ही कागद घेऊन माझ्याकडे आली.

"आरं, तिघांचे तीन आकडे. मी कुणाचं खरं मानू? तू मला एकच आकडा सांग की."

इमारतीच्या कामांची अंदाजपत्रकं करण्यात माझं आयुष्य गेलं आहे. तरी त्या दिवशी एक आकडा मी देऊ शकलो नाही. पुढच्या तीन महिन्यांत काय काय झालं, ते हिशोबासह इथं मांडतो आहे. पेठांमध्ये, आणि शहराभोवतीच्या गावांत तर जास्तच, अशी कौलारू घरं अजून पुष्कळ आहेत आणि त्यांचे मालक नेमक्या याच गोंधळातून जात असतात. खालचे सगळे दर त्या वेळी आम्हाला मिळालेले आहेत. तुमच्याकडे ते वेगळे असतील. हिशोबाची रीत मात्र तीच राहील.

तीन कागद

पहिला भाव तोंडी होता आणि आत्तीनं तो वहीच्या पानावर लिहून घेतला होता: लोखंडी पाइप आणि वर रंगीत पत्रा, १६५ रुपये चौरस फूट. घराचं माप २४ बाय ३०, म्हणजे ७२० फूट, म्हणून १ लाख १८ हजार ८००. दुसऱ्यानं छापील कागदावर 'उक्ते काम, रंगीत पत्रा, २ लाख ४० हजार' असं लिहिलं होतं. माप नाही, पत्र्याची जाडी नाही, काय धरलं आणि काय नाही याचा पत्ता नाही. तिसऱ्याचा सल्ला होता की एवढा खर्च करताच आहात तर स्लॅबच टाका, पाच लाखांत बसवून देतो.

स्लॅबचं आधी निकालात काढतो, कारण हा मोह सगळ्यांना होतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण साडेएकोणतीस किलो. ७२० फुटांचे झाले २१ टन. आत्तीच्या घरावर कौलं होती सुमारे १,४६०, एकेक पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून चार टन. चार टन पेलणाऱ्या मातीच्या भिंतीवर २१ टन ठेवायचे तर आधी पाया, कॉलम, बीम, म्हणजे अर्धं नवं घर आलं. त्याला महापालिकेची परवानगी लागते, नकाशा लागतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. पाच लाखांत यातलं काही बसत नाही. भेंड्याच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकून द्यायला जो तयार होतो, त्याला घरात पाऊल ठेवू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माप जमिनीवर नव्हे, उतारावर

पहिल्या भावातली चूक साधी आहे आणि ती मला जवळजवळ प्रत्येक घरी सापडते. घराचं जमिनीवरचं माप ७२० फूट, हे बरोबर. पण पत्रा किंवा कौल जमिनीवर पसरत नाही, उतारावर बसतं. आत्तीच्या घराचं आढं, म्हणजे दोन पाखी वर जिथं मिळतात ती माथ्याची रेघ, रस्त्याला समांतर आहे. एक पाखं रस्त्याकडे उतरतं, दुसरं परसाकडे. भिंतीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर १५ फूट, आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून ९ फूट. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: १५ चा वर्ग २२५, ९ चा वर्ग ८१, बेरीज ३०६, तिचं वर्गमूळ साडेसतरा. शिवाय भिंतीबाहेर दोन फूट वळचण. म्हणजे एक पाखं आढ्यापासून वळचणीपर्यंत साडेएकोणीस फूट. त्याला २४ नं गुणा, दोन पाखी धरा: ९३६ चौरस फूट. गणित नको असेल तर माळ्यावर चढून वाशाला लागून टेप धरा, तेच उत्तर येतं. मी दोन्ही केलं.

आणि मागची पडवी? न्हाणीघरावरचं १२ बाय ९ चं छोटं पाखं तिघांपैकी एकानंही धरलं नव्हतं. त्याचे १०८ मिळवून झाले १,०४४ फूट, म्हणजे १०.४४ ब्रास. कौलाच्या कामात मिस्त्री ब्रासमध्येच बोलतो: शंभर चौरस फुटांचा एक ब्रास. वाळूचा ब्रास शंभर घनफुटांचा असतो, त्याची गल्लत होऊ देऊ नका.

आता तोच १६५ चा दर खऱ्या मापाला लावला की होतात १ लाख ७२ हजार २६०. मी त्या कारागिराला आत्तीसमोरच फोन लावला. कौलं उतरवणं त्यात नव्हतं. पन्हळ नव्हती. दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींना लागून पाणी अडवायची पट्टी नव्हती. वायरिंग काढून पुन्हा बसवणं, पराची (चढून काम करायची माची), राडारोडा उचलणं, काहीच नव्हतं. या सगळ्याचे माझ्या हिशोबानं ५९ हजार १००. "आणि जीएसटी?" "तो वेगळा की साहेब." १८ टक्क्यांनी आणखी ३१ हजार. बेरीज २ लाख ६२ हजारांवर गेली. माणूस लबाड नव्हता. त्याला दर विचारला, त्यानं दर सांगितला. काम काय काय आहे, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कौल वाजवून बघणं

आत्तीच्या मनात पत्राच होता. सगळी गल्ली पत्र्याची झाली आहे. कौलं महाग पडतात, ती आता मिळत नाहीत, माकडं फोडतात, हे तिनं ऐकलेलं. मी म्हटलं, आधी आहे ते मोजू.

मिस्त्रीला घेऊन माळ्यावर गेलो. पुढच्या पाख्यावरून पन्नास कौलं वेगवेगळ्या जागची काढली, मागच्यावरून पन्नास. एकेक कौल डाव्या हातावर तोलून धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं मधोमध ठोकायचं. धड कौल खणखणतं, पितळी भांड्यासारखं. आत केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. डोळ्याला ती चीर दिसत नाही, शेवाळाखाली लपलेली असते. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं, काही अक्षरं चुन्यानं बुजलेली. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि पुढं त्या भागात अनेक कारखाने उभे राहिले. आमच्या पेठांतल्या जुन्या छपरांवर त्या परंपरेतली कौलं अजून सापडतात. त्यांची भाजणी अशी आहे की नव्या कौलांशेजारी ठेवून वाजवली तर फरक कानाला कळतो.

पुढची ५० पैकी ४१ खणखणली. मागची फक्त २७. मागचं पाखं नैऋत्येला तोंड करून आहे. रंकाळ्याकडून येणारा पाऊस त्याच्यावर आडवा झोडपतो. ब्रासला १४० कौलांच्या हिशोबानं पुढच्या पाख्याला ६५५ लागतात, मागच्याला ६५५ आणि पडवीला १५१. नमुन्याच्या प्रमाणात धरलं तर पुढची ५३७ आणि पडवी धरून मागची ४३५, अशी ९७२ धड. उतरवताना, रचताना, पुन्हा चढवताना दहा टक्के फुटणार. उरली ८७५.

इथं एक गोष्ट कौलारू घराच्या मालकांनी लक्षात ठेवावी. जुन्या आणि नव्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही. कारखाना बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि पाणी नेमकं तिथून आत येतं. 'फुटली तेवढीच नवी घाला' असं केलं की दर वर्षी गळतं ते यामुळेच. म्हणून आम्ही ठरवलं: पुढचं पाखं आणि पडवी पूर्ण जुन्या कौलांची, मागचं पाखं पूर्ण नव्या कौलांचं. नवी ७०० घेतली की झालं.

लाकूड

खरा खर्च मात्र कौलात नसतो. कौल वरून दिसतं, मोजता येतं, वाजवता येतं. खर्च असतो वाशांच्या बुडात.

एका पाख्याला १३ असे एकूण २६ वासे. चार बाय तीन इंच, लांबी साडेएकोणीस फूट, म्हणजे एका वाशाला १.६२५ घनफूट लाकूड. टिंबर मार्केटात साल जातीचं लाकूड २,२०० रुपये घनफूट मिळालं. सागाचा भाव विचारून मी गप्प बसलो. म्हणजे एका वाशाचे लाकडाचे ३,५७५ आणि सुताराची मजुरी, चढवणं धरून आणखी ९०० च्या आसपास. वखारीतलं माप कच्चं असतं हे विसरू नका. रंधा मारल्यावर तीन इंचांचे पावणेतीन होतात.

मी माळ्यावर गुडघ्यांवर रांगत प्रत्येक वासा पेचकसानं टोचत गेलो. चांगल्या लाकडात टोक जात नाही, हात झिणझिणतो. वाळवीनं खाल्लेल्या लाकडात ते भाकरीत बोट जावं तसं जातं. आढ्याकडं सगळं टणक. मधल्या तुळईवरही टणक. खाली भिंतीजवळ, जिथवर हात पोचला तिथवर, मागचे पाच वासे मऊ लागले. पण वाशाचं शेवटचं दीड-दोन फुटी टोक भिंतीच्या माथ्यात मातीनं बुजवलेलं होतं. तिथं पेचकस पोचत नव्हता. मी पाचाचे आठ धरले.

रिपा, म्हणजे वाशांवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांवर कौलं टेकतात त्या, सगळ्या नव्या घ्यायच्या, यात मला कुठलीही तडजोड मान्य नव्हती. जुन्या रिपेवर नवं कौल ठेवणं म्हणजे फाटक्या पिशवीत नवं धान्य भरणं. त्या १,१२० धावते फूट भरल्या.

कौलाचं अंदाजपत्रक असं झालं, सगळे कर धरून:

नवी कौलं ७००, ४२ रुपयांनी: २९,४००
आढ्याची कौलं आणि त्यांचा सिमेंटगिलावा: ५,०००
वासे ८, साल १३ घनफूट: २८,६००
रिपा १,१२० फूट, २२ रुपयांनी: २४,६४०
वाळवीचं औषध आणि तेलपाणी: ६,०००
कौलं उतरवणं, निवडणं, चढवणं, साडेदहा ब्रास, ३,५०० नी: ३६,७५०
सुतार आणि मदतनीस, १४ दिवस, १,९०० नी: २६,६००
पन्हळ आणि खाली येणारे पाइप, ६० फूट: १५,६००
शेजारच्या भिंतींलगतची पट्टी, ७८ फूट: ९,३६०
पराची आणि ताडपत्री: ९,०००
राडारोडा: ६,०००
वायरिंग काढणं-बसवणं: ७,०००

एकूण २ लाख ३ हजार ९५०.

पत्र्याचा हिशोबही मी त्याच शिस्तीत केला. जोडावरचा चढ धरून पत्रा १,१२८ फूट, ५२ रुपयांनी ५८,७००. लोखंड चौरस फुटाला १.४ किलो, म्हणजे १,४६२ किलो, घडाई आणि रंगासह ९५ रुपयांनी १ लाख ३८ हजार ९००. वर कौलं उतरवणं, पन्हळ वगैरेचे ते ५९,१००. एकूण २ लाख ५६ हजार ७००. उन्हाळ्यात माळ्यावर जाता यावं म्हणून पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर घ्यायचा तर आणखी २८ हजार. जुनं लाकूड आणि कौलं विकून वीस-पंचवीस हजार परत येतील, म्हणजे ते त्यात फिटतात.

दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर आत्ती माझ्याकडे बघतच राहिली. पत्रा स्वस्त, हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की कौलं पन्नास हजारांनी खाली येतील, हे तिला पटेना. म्हणून मी तिला हे कशावर टेकलंय ते दाखवलं. दोन्हींतला फरक ५२,७५०. एक वासा बदलायला ४,४७५. म्हणजे मी धरलेल्या आठांच्या वर आणखी बारा वासे खराब निघाले की फरक संपला. "आत्ती, विसावा वासा कुजका निघाला तर पत्रा. तोपर्यंत कौलं. आणि तो वासा कसा आहे हे मला आज खालनं सांगता येत नाही."

"मग उघडल्याशिवाय कळणारच न्हाई म्हण की."

पत्र्याच्या विरोधात मी नाही. नव्या, पक्क्या विटांच्या घरावर, जिथं लाकूड मुळातच नाही, तिथं पत्रा हेच शहाणपण. पण पत्रा हलका असतो, नुसता पत्रा सगळा मिळून चारशे किलोच्या आसपासच भरतो. वळवाचा वारा त्याला खालून उचलतो. मातीच्या भिंतीत त्याला घट्ट धरून ठेवायला नांगर कुठं रोवायचा, हा प्रश्न कुठल्याच कागदात नव्हता. कौलांचं वजन हेच अशा घराचं बळ असतं.

न दिसणाऱ्या कामाचा करार

अंदाजपत्रकात 'इतर खर्च' म्हणून ठोकळ रक्कम लिहायची पद्धत आहे. मी १५ टक्के, ३०,६०० धरले आणि मुलाला २ लाख ३४ हजार ५५० चा आकडा कळवला. पण नुसती रक्कम धरून भागत नाही. उघडल्यावर काम निघालं की त्याचा भाव कोण ठरवणार? छप्पर उघडं, आभाळात ढग, आणि मालक हातघाईवर आलेला. अशा वेळी ठरलेला भाव नेहमी मालकाच्या विरोधात जातो. यात कारागिराची दुष्टाई असते असं नाही. त्यालाही पुढचं काम सोडून इथं थांबावं लागतं.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीशी आणि सुताराशी एका कागदावर लिहून घेतलं. वरच्या यादीतलं काम मोजून द्यायचं, मोजमाप कौल बसल्यावर उतारावर. शिवाय खाली वेगळा भाग, ज्यात फक्त दर, नग नाहीत: जादा वासा लागला तर घनफुटाला किती, वाशाला सांधा मारायचा तर एका सांध्याला किती, भिंतीचा माथा उतरवून पुन्हा बांधायचा तर किती. माल आमचा, मजुरी त्यांची. आगाऊ २० हजार, पुढचे पैसे एकेक पाखं झाल्यावर. आत्तीची सही, मिस्त्रीची सही, सुताराचा अंगठा. सुतार म्हणाला, "असं कुणी लिवून घेत न्हाई, पण बरं हाय. नंतर तोंड वाजवायला नको."

दरांचा अंदाज कसा घ्यायचा असं लोक विचारतात. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची असते, तिच्यावरून कुठला दर अवाच्या सवा आहे हे कळतं. पण पेठेतल्या गल्लीत ट्रॅक्टर आत येत नाही, माल चौकात उतरवून डोक्यावरून आणावा लागतो. हे दरसूचीत नसतं, ते मिस्त्रीकडूनच कळतं.

उघडल्यावर

पाडवा ३० मार्चला झाला. ७ एप्रिलला काम सुरू करायचं ठरलं, म्हणजे मृगाच्या आधी दोन महिने हातात. १२ तारखेला चैत्र पौर्णिमा. जोतिबाची यात्रा असल्यावर गडी कामावर येणार नाहीत, हे मी धरलंच होतं. दोन नव्हे, तीन दिवस गेले.

मागचं पाखं आधी उघडलं, तेही निम्मं निम्मं. सगळं छप्पर एकदम उघडून बसायचं नाही, हा माझा आग्रह. वळचणीची कौलं निघाली, वाशांच्या बुडावरची माती खरवडली, आणि मिस्त्रीनं मला वर बोलावलं. हातानं त्यानं वाशाचं टोक दाबलं. ते चुरून त्याच्या मुठीत आलं, ओल्या चहापत्तीसारखं. तेरापैकी नऊ वासे असे. पण सगळे फक्त बुडाशी. दोन फुटांच्या वर लाकूड लोखंडासारखं होतं.

सुतारानं हाताळून बघितलं आणि म्हणाला, "हे टाकायचं लाकूड न्हाई. सांधा मारू." मागचे तीन आणि पुढचे दोन वासे पूर्ण बदलले. उरलेल्या सहांचं कुजकं टोक कापून, तिरका काप घेऊन, पाच-पाच फुटांचे सालाचे तुकडे दोन-दोन बोल्टांनी जोडले. तो काप तो कसा घेतो हे मी अर्धा तास बसून पाहिलं. दोन्ही तोंडं रंध्यानं अशी मिळवली की मधून उजेड दिसेना. एकूण साडेदहा घनफुटांच्या आसपास लाकूड लागलं, २३,४०० चं. माझ्या अंदाजापेक्षा ५,२०० कमी. विसावा वासा आलाच नाही.

पण वाशांखालची भिंत आली. मागच्या भिंतीचा वरचा दीड फूट भेंडा पाण्यानं मऊ झाला होता, बोटानं कोरता येत होता. वर्षानुवर्षं वळचणीतून झिरपलेलं पाणी तिथंच मुरत होतं. २४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, असा ५४ घनफुटांचा माथा उतरवून, पक्क्या विटांत बांधून, वर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओतावा लागला. तोवर वाशांना खालून टेकू. खर्च ३८ हजार.

ही चूक माझी. फेब्रुवारीत मागच्या खोलीत मी गिलावा फुगलेला पाहिला होता, वरच्या दीड फुटातच, आणि त्यावर पांढरा लोणा, म्हणजे ओलीतून वर आलेला क्षार. मी ते कौलांच्या गळतीच्या खात्यावर टाकलं. तेव्हाच मागच्या वळचणीची चार जागची तीन-तीन कौलं काढून माथ्यातली माती उकरली असती, तर हजारभर रुपयांच्या मजुरीत भिंतही दिसली असती आणि वाशांची टोकंही. आता मी कौलारू घराचं अंदाजपत्रक त्याशिवाय करत नाही. मालकाला आधीच सांगतो: हजार रुपये आणि एक सकाळ द्या, मग आकडा देतो.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव आला. मागचं निम्मं पाखं उघडं होतं. ताडपत्री बांधलेली होती, पण वाऱ्यानं एक कोपरा फाडला आणि माळ्यावरच्या दोन गाद्या आणि ज्वारीचं पोतं भिजलं. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजारांची जाड ताडपत्री आणली. ती पहिल्या दिवशीच आणायला हवी होती.

कौलं मे महिन्याच्या मध्यापर्यंत चढली. पन्हळीचं काम उरलं होतं तेवढ्यात पाऊस सुरू झाला. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, नेहमीच्या कितीतरी आधी. मृगाच्या भरवशावर काम मेअखेरीला नेलं असतं तर छप्पर उघडं सापडलं असतं. पन्हळ पावसातच बसवली. पाइप एक जादा लागला, २,३०० रुपये. नव्या कौलांना वाहतूक धरून दोन रुपये जास्त पडले, १,४०० रुपये.

शेवटचा हिशोब: २,०३,९५० मधून वाशांचे ५,२०० वजा, भिंतीचे ३८,०००, ताडपत्रीचे ३,५००, कौलांचे १,४०० आणि पाइपचे २,३०० मिळवून २ लाख ४३ हजार ९५०. कळवलेल्या आकड्यापेक्षा ९,४०० जास्त, म्हणजे चार टक्के. भिंतीचा दर आधी लिहिलेला होता म्हणून मिस्त्रीशी एका शब्दाचीही वादावादी झाली नाही. मुलानं पुण्याहून पैसे पाठवले आणि कागदाचा फोटो मागवून घेतला.

जुनी धड कौलं शेवटी ८४१ निघाली, लागली ८०६. नव्या सातशेतली तीस उरली. जुनी ३५ आणि नवी ३० अशा दोन थप्प्या परसात भिंतीला लावून उभ्या केल्या आहेत, वेगवेगळ्या, कारण एकमेकांत बसत नाहीत. पुढच्या भिंतीचा माथाही मी उघडून बघितला. तिथं भेंडा कोरडा होता, म्हणून पट्टा ओतला नाही. कागदाच्या खालच्या भागात त्याचा दर मात्र लिहिलेला ठेवला आहे आणि तो कागद आत्तीनं घरपट्टीच्या पावत्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे.